सिमेंटचा घोळ ओतून अंगण नवं होत नाही

गेटपासून पोर्चपर्यंतचं काँक्रीट झिजून खडी वर आली की हमखास सल्ला मिळतो, ‘वरून सिमेंटचा घोळ मारा, नव्यासारखं होईल.’ होत नाही. नुसतं सिमेंट सुकताना आकसतं, बारीक भेगा पडतात. धुळीवर, ऑइलच्या डागांवर तर ते धरतच नाही. गाडीचं चाक जिथे वळतं, तिथून पापुद्रे सुटू लागतात. त्यापेक्षा जुन्या काँक्रीटवर टाचे मारून (छिन्नीने खाचा पाडून), स्वच्छ धुऊन बाँडिंग एजंट (जुना-नवा थर धरून ठेवणारं रसायन) लावा आणि निदान 40-50 मिमी काँक्रीटचा थर द्या. जुन्या सांध्यांवरच नवे सांधे ठेवा. पुढे किमान 7 दिवस पाणी मारा. नेमका इथेच आळस होतो, आणि माझ्या मते बहुतेक कामं इथेच बिघडतात. खालची जमीनच खचली असेल तर मात्र उकरून, भराव नीट ठोकून 60 मिमीचे पेव्हर ब्लॉक बसवलेले बरे.