रविवारची अळणी आणि सोमवारचा फोन
(घरी कुत्र्याचं जेवण बनवून त्यात आमची कॅल्शियम-जीवनसत्त्वांची पावडर मिसळणाऱ्या ग्राहकांसाठी)

सोमवारी सकाळी शटर अर्धं वर जातं न जातं तोच फोन वाजतो. "तुमच्या पावडरीनं आमच्या लॅब्राडोरला जुलाब लागले." काल काय घातलं होतं? "तुम्ही लिहून दिलंय तेच की. चिकन, भात, गाजर, पावडर." वरून काही ओतलं का? मग जरा थांबून उत्तर येतं, "थोडी अळणी घातली. तिखट नाही वो, अळणीच."

या एका सवाल-जवाबात आमची निम्मी सकाळ जाते, म्हणून हा कागद छापला. पावडरीच्या डब्यासोबत घरी न्या आणि फ्रीजवर चिकटवा.

आपल्या घरची अळणी, म्हणजे मटणाचा बिनतिखटाचा रस्सा, नावालाच अळणी. पातेल्यात आधी कांदा परततो, मग आलं-लसणाचं वाटण, हळद, मीठ आणि त्यावर मटण. ती लहान मुलांना देतात, म्हणून कुत्र्यालाही चालेल असं वाटतं. चालत नाही. कांदा आणि लसूण यांच्यातल्या गंधकाच्या घटकांमुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. शिजवून, वाळवून किंवा पूड करून हा दोष जात नाही, आणि तो रश्शातही उतरतो. त्यामुळे "कांदा बाजूला काढला" किंवा "फोडी धुऊन घातल्या" यानं काही साधत नाही. वजनाच्या अर्धा टक्का कांदा पोटात गेला तरी रक्त बिघडू शकतं. दहा किलोच्या कुत्र्याला हे 50 ग्रॅम होतात, म्हणजे एक लहान कांदा. थोडा-थोडा रोज गेला तरी त्याचा परिणाम साठत जातो.

सोमवारचे जुलाब बहुतेक वेळा तेल, मीठ आणि मसाल्याचे असतात. कांद्याचा हिशेब उशिरा, बुधवार-गुरुवारनंतर निघतो. हिरड्या फिकट पडतात, कुत्रं धापा टाकतं, लघवी तपकिरी होते. तोवर रविवारचं जेवण कुणाच्या ध्यानात नसतं. अशी लक्षणं दिसली तर आम्हाला फोन करण्यात वेळ घालवू नका. थेट जनावरांच्या डॉक्टरांकडे जा आणि अळणीचं त्यांना सांगा, लपवू नका.

भाकरीला लावून दिलेल्या शेंगा चटणीचंही तेच. तिच्यात लसूण असतोच. कांद्याची एवढी मोठी बाजारपेठ असलेल्या सोलापुरात कांद्याशिवाय पातेलं चढवा असं सांगायला आम्हालाही जड जातं, पण इलाज नाही.

यावर उपाय अगदी सोपा आहे. मटण किंवा चिकन आणलं की फोडणीच्या आधीच कुत्र्याचे तुकडे वेगळे काढा आणि लहान कुकरमध्ये नुसत्या पाण्यात शिजवा. मीठही नको. "असं फिक्कं ते खात नाही" ही तक्रार आम्हाला ठाऊक आहे. कुत्रं चवीपेक्षा वासावर जेवतं. फ्रीजमधलं थंडगार जेवण पुढे ठेवलं तर ते तोंड फिरवणारच. जेवण कोमट करा, त्याच मांसाचं पाणी दोन चमचे वरून घाला आणि पंधरा मिनिटांनी ताट उचला. शिजलेलं हाड मात्र देऊ नका. त्याच्या टोकदार चिरफळ्या होतात.

आता पावडरीबद्दल. "चिकन-भात तर घालतोच, मग हिचं काय काम?" असं बरेच जण विचारतात. 100 ग्रॅम चिकनमध्ये कॅल्शियम जेमतेम 11 मिलिग्रॅम असतं, फॉस्फरस मात्र 200 च्या आसपास. ही तफावत रोज राहिली की शरीर स्वतःच्याच हाडांतून कॅल्शियम काढू लागतं. अंड्याच्या कवचाची बारीक पूड चालते का? कॅल्शियमपुरती चालते, आम्ही नाही म्हणणार नाही. पण जस्त, आयोडीन, ड आणि ई जीवनसत्त्व त्यातून मिळत नाही. 2013 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी कुत्र्यांच्या घरगुती जेवणाच्या 200 पाककृती तपासल्या. त्यातल्या 95 टक्क्यांत एक ना एक आवश्यक घटक कमी निघाला, आणि त्यांतल्या काही पाककृती पशुवैद्यांच्याही होत्या. म्हणूनच वय आणि वजन विचारल्याशिवाय आम्ही डबा देत नाही. "द्या की, कशाला एवढी चौकशी" म्हणून काही जण रागावतात, पण मापाचा चमचा वजनावरच ठरतो. पावडर जेवण कोमट झाल्यावर मिसळा, उकळत्या पातेल्यात नको.

दहा किलोच्या, रोज फिरायला जाणाऱ्या, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण 600 कॅलरी लागतात. 200 ग्रॅम बिनहाडाचं चिकन, 70 ग्रॅम तांदळाचा भात, थोडं गाजर किंवा भोपळा आणि चमचाभर तेल एवढ्यात हे भागतं. भाताऐवजी ज्वारीची भाकरीही चालेल, चांगली कुस्करून. नुसत्या भाकरीवर मात्र नको. "गावाकडची कुत्री भाकरीवरच जगली" हे खरं, पण ती शेतात उंदीरही धरत होती, आणि किती वर्षं जगली हे कुणी मोजलं नाही.

एक वर्षाखालच्या पिल्लांसाठी आम्ही पाककृती लिहून देत नाही, कितीही आग्रह केला तरी. वाढत्या हाडांत चूक झाली तर ती पुढे दुरुस्त होत नाही. आधी डॉक्टरांना विचारा.

घरात मांस शिजत नसेल, आणि सोलापुरात अशी घरं पुष्कळ आहेत, तर शिजवून गोठवलेले डबे आमच्याकडे मिळतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा ते थर्मासच्या पिशवीतच न्या. स्कूटरच्या डिकीत ठेवून आधी बाजार करू नका. फ्रीजमध्ये दोन दिवस, त्यानंतर फेकायचं.

आणि ज्यांच्याकडे रविवारी मटण ठरलेलंच आहे, त्यांच्यासाठी बिनकांद्याचं, बिनमिठाचं मटणाचं पाणी आम्ही छोट्या डब्यांत देतो. शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत सांगा. रविवारी दुकान बंद असतं, आमच्याही घरी मटण असतं.