वानराच्या पोटात गायीची युक्ती

हरभऱ्याला घाटे धरले की धुऱ्यावरच्या कडुनिंबावर वानरांची टोळी येऊन बसते, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. लाल तोंडाचं माकड गालाच्या पिशव्यांत दाणे कोंबून पळतं. काळतोंड्या वानराला अशा पिशव्याच नाहीत, त्याची सोय पोटात आहे. त्याच्या जठराला कप्पे असतात. तिथे जिवाणू पाला आंबवतात आणि मग वानर त्या जिवाणूंनाच पचवतं. गायीचंही असंच चालतं.

जिवाणू फोडायला लायसोझाइम नावाचं विकर, म्हणजे एक प्रथिन, लागतं. एरवी ते अश्रूंत आणि लाळेत जंतू मारायचं काम करतं. गाय आणि वानर या दोघांनीही ते जठरात कामाला लावलं. तिथल्या आम्लात टिकावं म्हणून त्याच्या रचनेत बदल झाले आणि त्यातले काही दोघांत अगदी सारखे निघाले. कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये हे दाखवलं, तेही आपल्या याच हनुमान वानराचं विकर तपासून. नात्यानं इतके लांबचे दोन प्राणी वेगवेगळ्या वाटांनी एकाच उत्तरावर पोचले. उत्क्रांतीचा याहून सुरेख पुरावा मला तरी आठवत नाही.

तेव्हा एकेक प्रथिन वाचावं लागे. आता अख्खा जीनोम, म्हणजे प्राण्याच्या डीएनएची सुमारे तीन अब्ज अक्षरं, वाचता येतो. चिंपांझीचा जीनोम २००५ साली आला, लाल तोंडाच्या माकडाचा २००७ मध्ये. २०२३ मध्ये तर माकड-वानरांच्या गणातल्या २३३ प्रजातींच्या ८०० हून अधिक प्राण्यांचे जीनोम एकदम प्रसिद्ध झाले. या कामात हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेचे संशोधकही होते.

यातून माणसाचाही फायदा होतो. डीएनएतलं एक अक्षर बदललं की काय होतं, हे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारामुळे गडचिरोली-चंद्रपूरकडच्या घरांना ठाऊक आहे. पण रुग्णाच्या जनुकात सापडलेला प्रत्येक बदल घातक नसतो. तोच बदल माकडांच्या कळपांत सर्रास दिसत असेल, तर तो बहुधा निरुपद्रवी असतो. असे सुमारे ४३ लाख बदल या अभ्यासातून हाती आले.

संवर्धनवाल्यांना मात्र एक धक्का बसला. प्रजात जितकी धोक्यात तितकी तिची जनुकीय विविधता कमी, असा सरळ मेळ बसलाच नाही. जंगल इतक्या झपाट्यानं तुटतं की कळप घटतात आणि त्याची नोंद जीनोममध्ये उमटायला पिढ्या जातात. म्हणजे विविधता शाबूत दिसली म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

आपल्याकडचा प्रश्न जरा वेगळा आहे. ‘पकडा अन् दूर जंगलात सोडा’, ही गावोगावची मागणी. वावर उद्ध्वस्त झालेल्या माणसाचा संताप खराच आहे. पण सोडायचं कुठे? वानरांची शेपटी बघा. उत्तरेकडच्यांची शेपटी चालताना डोक्याकडे वळते, दक्षिणेकडच्यांची मागे झुकते. ढोबळमानानं तापी-गोदावरीच्या पट्ट्यात ही सीमा येते. पूर्वी सगळे एकाच प्रजातीत धरले जात, डीएनएच्या तपासणीनं मात्र हे दोन गट वेगळे असल्याचं दाखवलं. लाल तोंडाच्या माकडांची हद्दही जुन्या नोंदींनुसार याच पट्ट्यापर्यंत होती, त्याखाली टोपी माकडं. आता लाल तोंडाची दक्षिणेला सरकत आहेत, आणि माणसांनी नेऊन सोडणं हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. टेम्पोत भरून नदीपार सोडलेला कळप गावाच्या डोळ्यांआड होतो, पण पलीकडच्या माकडांच्या वाट्याला जातो.

पिंजरा लावण्याआधी हे तपासता येतं. पूर्ण जीनोमसाठी रक्त असलेलं बरं, कारण विष्ठेत जिवाणूंचाच डीएनए जास्त. पण कळप कुठल्या गटातला एवढंच बघायचं असेल, तर झाडाखालची ताजी विष्ठा पुरते. तिच्यावर आतड्यातल्या पेशी चिकटलेल्या असतात. अल्कोहोलच्या कुपीत घातली की नमुना प्रयोगशाळेपर्यंत टिकतो.