बसून सोनाटा, फ्रेंच (अभिजातकालीन)

अठराव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसमध्ये बसून या मंद्र स्वराच्या, दुपदरी जिव्हाळीच्या काष्ठवाद्यासाठी रचलेल्या सोनाटा (एक वाद्य व त्याची साथ यांसाठीच्या अनेक भागांच्या रचना). फ्रेंच रचनाकार ब्वामॉर्तिए (१६८९–१७५५) याने चेलो, व्हिओल वा बसून यांपैकी कशावरही वाजवता येतील अशा सोनाटा त्यापूर्वीच छापल्या होत्या. खास बसूनसाठीचे लेखन मात्र मुख्यतः एत्येन ओझी (१७५४–१८१३) व फ्रांस्वा दव्हियेन (१७५९–१८०३) या दोन वादक-रचनाकारांचे आहे. दोघेही १७९५ मध्ये स्थापन झालेल्या पॅरिस कॉन्झर्व्हात्वार या संगीतविद्यालयात अध्यापक होते. दव्हियेन तेथे बासरी शिकवी.

दव्हियेनच्या सहा सोनाटांचा संच (ओपस, म्हणजे रचनाक्रमांक, २४) साधारणपणे १७८०–९० या दशकातील मानतात. त्या काळच्या फ्रेंच मुद्रित स्वरलेखनावर वर्ष क्वचितच असे. त्यामुळे प्रकाशकाचा पत्ता, तबकडी-क्रमांक (छपाईसाठी कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरील क्रमांक) व वृत्तपत्रांतील जाहिराती यांवरून काळ ठरवावा लागतो, आणि तबकड्या हस्तांतरित होऊन पुन्हा वापरल्या जात असल्याने हे अनुमान फसूही शकते. कर्तृत्वाविषयीही असाच घोळ आढळतो : १९३४ मध्ये मोट्सार्टची म्हणून प्रसिद्ध झालेली बी-फ्लॅट मेजरमधील बसून कॉन्चेर्तो (एकल वाद्य व वाद्यवृंद यांसाठीची रचना) आता बहुतेक अभ्यासक दव्हियेनची असावी असे मानतात.

ओझीच्या सोनाटा त्याच्या १८०३ च्या वादनपाठ्यग्रंथात आहेत. जिव्हाळी घडविण्याच्या सूचना आणि बोटांचे तक्ते यांच्या सोबतीने छापल्या गेल्यामुळे त्यांना दीर्घकाळ अभ्यासपाठच समजले गेले; मैफलीच्या दृष्टीने त्यांच्याकडे फारसे पाहिले गेले नाही, हे अन्यायाचेच म्हणावे लागेल.

साथीचा प्रश्न अधिक वादाचा आहे. पानावर दोनच ओळी असतात : वर बसून, खाली बेस (साथीचे मंद्र स्वर). विसाव्या शतकातील काही संपादकांनी खालच्या ओळीवर पियानोसाठी स्वरसंघ रचून आवृत्त्या काढल्या. बेस केवळ चेलोवर किंवा दुसऱ्या बसूनवर वाजवला, तर वरच्या ओळीतील झेपा आणि चढते तार-स्वर मोकळे ऐकू येतात. हा मार्ग मूळ मांडणीला अधिक जवळचा वाटतो. त्या काळच्या धर्तीच्या वाद्यांच्या पुनरुज्जीवनानंतर तो पुन्हा रूढ होत आहे. त्या काळच्या बसूनला कळा (छिद्रे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या) थोड्या असल्याने अनेक अर्धस्वर मधले छिद्र उघडे ठेवून खालची झाकणाऱ्या उलट्या-सुलट्या बोटांनी काढावे लागत आणि त्यांचा नाद दबका येई. त्यामुळे प्रत्येक सुरावटीचा रंग निराळा उमटतो; आधुनिक वाद्यावर हा फरक बराचसा पुसला जातो.