पायावरचे ठिपके आणि उसन्या गोळ्या

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात अंगावर लाल काही उठलं की पहिला इलाज घरातलाच: आमसुलाचं पाणी चोळायचं. पित्ताच्या गांधी बहुधा २४ तासांच्या आत आपोआप विरतात, पण श्रेय आमसुलाला मिळतं. बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती सुजून (याला व्हॅस्क्युलायटिस म्हणतात) उठणारे ठिपके मात्र असे जात नाहीत. काचेचा पेला दाबून धरला तरी त्यांचा जांभळट रंग हटत नाही, कारण रक्त वाहिनीबाहेर झिरपलेलं असतं. ते विरले तरी काळसर डाग ठेवून जातात, आणि काहींना पुनःपुन्हा येतात. जागा बहुतेक पोटऱ्या आणि घोटे. उभं राहिलं की तिथे रक्ताचा दाब वाढतो, म्हणून शहापूर-वडगावात मागावर तासन् तास उभं राहणाऱ्याला डॉक्टर आधी पाय उंचावर ठेवून पडायला सांगतात.

असे ठिपके आणि सांधेदुखी यांची सांगड जर्मन डॉक्टर श्योनलाइन यांनी १८३७ मध्ये घातली. त्यांचे शिष्य हेनॉख यांनी पुढे पोटदुखी आणि मूत्रपिंडाचा त्रास त्यात जोडला. २०१२ मध्ये तज्ज्ञांनी या प्रकाराला 'आयजीए व्हॅस्क्युलायटिस' म्हणायचं ठरवलं, कारण आयजीए ही प्रतिपिंडं वाहिन्यांच्या भिंतीत साचलेली दिसतात. इतर प्रकारांत एखादं नवं औषध किंवा जंतुसंसर्ग निमित्त होतो. अनेकदा कारण सापडतच नाही. एवढ्या सगळ्यातून रुग्णाने लक्षात ठेवायचं ते हे, की ठिपके पायावर असले तरी तपासणी लघवीची चुकवायची नाही. मूत्रपिंडाला त्रास झाला तर रक्त किंवा प्रथिनं आधी तिथेच दिसतात.

औषधांची गोष्ट जास्त रंजक आहे, कारण बहुतेक दुसऱ्या आजारांकडून उसनी घेतलेली. कॉल्चिसिन मूळचं गाउटचं, म्हणजे युरिक आम्ल साचून होणाऱ्या सांधेदुखीचं. स्टेरॉइड १९४८ मध्ये अमेरिकेत पहिल्यांदा संधिवाताच्या रुग्णाला दिलं गेलं आणि १९५० मध्ये त्या शोधाला नोबेल मिळालं. डॅप्सोन १९०८ मध्ये जर्मनीत नुसतं रसायन म्हणून तयार झालं, १९४० च्या दशकात कुष्ठरोगावर वापरात आलं. आणि खरी अडचण इथेच होते. शेजारी कुणीतरी म्हणतं, "अवो, ही महारोगाची गोळी!" आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद. माझ्या मते चिठ्ठी लिहितानाच डॉक्टरने सांगून टाकावं, की हे औषध जंतू मारतं तसं सूज माजवणाऱ्या पांढऱ्या पेशींनाही आवरतं. इथे काम दुसरं आहे. ही गोळी सुरू करण्याआधी जी-सिक्स-पीडी या तांबड्या पेशींना जपणाऱ्या एंझाइमची तपासणी आणि नंतर वेळोवेळी रक्ततपासणी लागते, कारण तिने तांबड्या पेशी फुटू शकतात.

निदानासाठी त्वचेचा तुकडा घ्यायचा तर ठिपका एक-दोन दिवसांचा ताजा हवा. बेळगाव किंवा मिरजेची तारीख मिळेपर्यंत तो जुना झालेला असतो. तेव्हा तारखेसह फोटो काढून ठेवावा, आणि नवे ठिपके उठले की त्याच दिवशी दवाखान्यात फोन करावा.