लेंड्या मोजणारं घर

मे महिन्यातली सकाळ, गाव अमळनेर. पुतणीने सशाचा ट्रे बाहेर ओढला आणि मला फोन लावला. "काका, बोंड्याने रात्रभरात एकही लेंडी टाकली नाही." पांढराशुभ्र म्हणून नाव बोंड्या, कपाशीच्या बोंडावरून. मी पोचलो तेव्हा तो कोपऱ्यात अंग आखडून बसला होता. शेजारच्या आजींनी दारातूनच निकाल दिला होता, "हाऊ काहीच खास नही, ऊन लागनं याले."

आजींचा अंदाज काही वाईट नव्हता. सशाला घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग गार करणंही त्याला नीट जमत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायला लांब कान हाच त्याचा मोठा आधार. तिशीच्या पुढे पारा गेला की त्याला त्रास सुरू होतो आणि खानदेशातला मे तर पंचेचाळिशीला टेकतो. भावाने थर्मामीटर लावला, १०२ आले, म्हणून पॅरासिटामॉलची बाटली काढली. ती मी ठेवून द्यायला लावली. सशाचं नेहमीचं तापमानच १०१ ते १०४ फॅरनहाइटच्या दरम्यान असतं. म्हणजे तापही नव्हता आणि ऊनही लागलं नसावं. आकडा शंभराच्या खाली दिसला असता तर मात्र मी जास्त घाबरलो असतो. आजारी ससा गार पडत जाणं हे तापापेक्षा वाईट लक्षण आहे.

एक रात्र लेंड्या नाहीत, यात एवढं घाबरण्यासारखं काय? ते समजायला सशाच्या पोटात शिरावं लागतं.

गाय-म्हैस चारा आधी कोठीपोटात आंबवते, मग पचवते. सशाचा कारभार उलटा. त्याची आंबवण्याची टाकी लहान आतड्याच्या नंतर येते. तिला अंधनाल म्हणतात, आणि ती त्याच्या जठराहून कितीतरी मोठी असते. तिथे जिवाणू चाऱ्यातून जीवनसत्त्वं आणि प्रथिनं तयार करतात खरी, पण ती शोषून घेणारं लहान आतडं तर मागेच राहून गेलेलं! यावर सशाने काढलेला उपाय ऐकून मुलं तोंड वाकडं करतात. तो दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. कोरड्या, गोल, कडक त्या कचऱ्याच्या. दुसऱ्या मऊ, चकचकीत, काळ्या द्राक्षांच्या घोसासारख्या. या दुसऱ्या तो थेट गुदद्वारातूनच तोंडात घेतो आणि गिळतो. गाय रवंथ करते तेव्हा आपण कौतुकाने बघतो, ससा हे करतो तेव्हा नाक मुरडतो, एवढाच फरक.

ही दोन टोकांची विभागणी मोठं आतडं करतं. जाड तंतू पुढे ढकलायचे, बारीक कण उलट दिशेने अंधनालेत परत पाठवायचे. या जाड तंतूंतून सशाला पोषण जवळपास मिळत नाही, पण त्यांच्यावाचून आतडं हलत नाही. म्हणून सशाला मुख्य खाणं म्हणून वाळलं गवत लागतं. आणि भावाच्या घरी त्याला काय मिळत होतं? केळी. आमच्या जिल्ह्यात केळ्याला नाही कोण म्हणणार! पण एवढी साखर अंधनालेत पोचली की नको ते जिवाणू माजतात.

तर आतडं थांबलं होतं. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं परत येण्याची वाटही बंद. बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते.

तालुक्यातले डॉक्टर दिवसभर म्हशी आणि शेळ्या बघणारे. त्यांनी पोट चाचपलं, दात बघितले आणि सरळ सांगितलं, "भाऊ, आतडं थांबलंय हे दिसतंय. का थांबलंय ते आत्ता सांगता येणार नाही." मला हा माणूस तिथेच आवडला. 'आतडं थांबणं' हे आजाराचं नाव नव्हेच, 'ताप आहे' म्हणण्यासारखंच ते. मागे काहीही असू शकतं. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, पुढचे तर आठवड्याला दोन-तीन मिलिमीटर. दाढांना टोकं आली की जीभ कापते आणि खाणं बंद होतं. मूतखडा, भीती, चुकीचा आहार, कुठलीही वेदना. त्यात ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखणं दाखवलं की कोल्हा त्यालाच निवडणार. म्हणून तो शेवटपर्यंत लपवतो. २०१२ साली संशोधकांनी सशाच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली: डोळे किती मिटलेत, गाल किती चपटे, नाकपुडीचा आकार, मिशा, कान. बोंड्याचे डोळे अर्धे मिटलेले होते.

आता खरा पेच होता. आतडं नुसतं मंदावलं असेल तर सिरिंजने भरवायचं; पण केसांच्या गोळ्याने वाट अडली असेल तर भरवणं घातक. एक्स-रे जळगावला. डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला शुगर आहे?" आमच्या आईला आहे. २०१२ मध्येच ब्रिटनमधल्या सुमारे ९०० सशांच्या रक्तातली साखर तपासली गेली होती. आतडं अडलेल्यांची सरासरी ४४० च्या आसपास निघाली, मंदावलेल्यांची १५० च्या. माणसाचं साखर मोजायचं मशीन सशाच्या रक्ताला तंतोतंत बरोबर नसतं, पण फरकच एवढा मोठा की चालून जातं. कानाच्या शिरेतून थेंब घेतला. १६८. भरवायचं ठरलं.

सलाईन, वेदनाशामक म्हणून मेलॉक्सिकॅम (गिधाडं मरतात म्हणून २००६ मध्ये गुरांसाठी डायक्लोफेनॅक बंद झालं, तेव्हा पुढे आलेलं हेच औषध), आणि दर तीन-चार तासांनी पेलेट (सशांचं तयार दाणेदार खाद्य) भिजवून सिरिंजने. घरातलं लहान मुलांचं अमॉक्सिसिलिनचं सिरप अजिबात नाही, ही ताकीद वेगळी. तोंडावाटे दिलेलं हे प्रतिजैविक सशाच्या अंधनालेतले कामाचे जिवाणू मारतं, मग उरलेले विष तयार करतात आणि ससा औषधानेच जातो.

दुसऱ्या दिवशी चार लेंड्या आल्या. बारीक, वेड्यावाकड्या, पण आल्या. घरात पेढे वाटायचेच बाकी होते.

तिसऱ्या दिवशी बोंड्याची मान डावीकडे कलली.

म्हणजे आतडं थांबणं हा परिणाम होता, कारण वेगळंच. मान कलण्यामागे मुख्य संशयित दोन. एक, कानाच्या आतल्या भागात जिवाणूंचा संसर्ग. तोल सांभाळणारं यंत्र तिथेच असतं, आणि सगळं गरगरत असताना कोण जेवेल? दुसरा, एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली नावाचा सूक्ष्म परजीवी. सशांमध्ये तो १९२२ साली पहिल्यांदा नोंदला गेला. तो लघवीतून पसरतो आणि मेंदू नि मूत्रपिंडात ठाण मांडतो.

रक्त बाहेरगावच्या प्रयोगशाळेत गेलं. रिपोर्ट आला 'पॉझिटिव्ह'. भाऊ म्हणाला, "चला, सापडलं एकदाचं." डॉक्टर म्हणाले, "सापडलं नाही."

ही तपासणी परजीवी शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं शोधते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश पाहणीत वरकरणी ठणठणीत पाळीव सशांपैकी निम्म्यांत ती सापडली. क्षयाच्या मॅन्टू चाचणीसारखंच हे. आपल्याकडे कितीतरी धडधाकट माणसांचा हात सुजतो, त्यांना क्षय झालेला नसतो, जंतूशी कधीतरी गाठ पडलेली असते. कानाच्या संसर्गाने मान कललेले शंभर ससे घेतले तरी त्यांतले निम्मे इथे पॉझिटिव्हच निघायचे. रिपोर्ट निगेटिव्ह आला असता तर उलट जास्त कळलं असतं, परजीवीचं नाव बहुतेक खोडता आलं असतं. खात्रीचा पुरावा मेंदू आणि मूत्रपिंडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली बघून मिळतो, म्हणजे ससा गेल्यावर.

डॉक्टरांनी दोन्ही बाजूंनी औषध दिलं. सशाला चालणारं प्रतिजैविक, आणि परजीवीसाठी अठ्ठावीस दिवस फेनबेंडाझोल. शेळ्यांच्या जंतावर देतात तेच, त्यामुळे मिळायला अडचण आली नाही. सशाचा डोस मात्र त्यांनी वजन करून काढला.

बोंड्या सावरला. कशाने, ते विचारू नका. प्रतिजैविकाने कान बरा झाला असेल, फेनबेंडाझोलने परजीवी आवरला असेल, किंवा मेंदूने कललेल्या जगाची सवय करून घेतली असेल. काही सशांमध्ये तसंही होतं. मान अजून जराशी तिरकी आहे. भावाला हे अर्धवट वाटतं, अजून एक तपासणी करून 'नेमकं काय ते' कळावं असं तो अधूनमधून म्हणतो. मला त्या पैशांचं गवत आणावंसं वाटतं. केळी बंद आहेत. ट्रेशेजारी पवन्या गवताचा भारा असतो आणि भिंतीवर पुतणीची वही टांगलेली असते. निरोगी ससा दिवसाला दोनशे-तीनशे लेंड्या टाकतो, असं मी तिला सांगून बसलो होतो. काल तिचा मेसेज आला: "आज २१२. दोन चिकटलेल्या होत्या, त्या एक धरल्या."