लाटांची खातेवही

आषाढात बडोद्याला वारा सुटला की सूरसागर तळ्याच्या कठड्याशी थोडं थांबावं. पाणी शहारतं, काठाला चुबुक चुबुक करतं, पण लाट म्हणावी असं काही उठत नाही. तेवढाच वारा अरबी समुद्रावर पुरुषभर लाटा उभ्या करतो. फरक धावेचा. दांडिया बाजाराकडून निघालेला वारा तळ्यामधल्या शंकराच्या पुतळ्यापर्यंत पोहोचतो न पोहोचतो तोच तळं संपत येतं. समुद्रात त्याला शेकडो किलोमीटर मोकळं मैदान असतं.

हे गणितात कसं बसवायचं? एकेक लाट मोजायला गेलात तर जन्म पुरणार नाही. म्हणून लाटांची मॉडेलं चक्क हिशेब ठेवतात. समुद्राचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात कोणत्या दिशेला, किती सेकंदांच्या (म्हणजे एका माथ्यामागून दुसरा माथा किती सेकंदांनी येतो त्या) लाटांत किती ऊर्जा आहे, ते मांडायचं. वारा जमेला. लाटांचं फुटणं आणि उथळ पाण्यात तळाशी होणारं घर्षण खर्चाला. शिल्लक शेजारच्या चौकोनात जाते, पण जरा रेंगाळत. खोल पाण्यात दहा सेकंदांच्या लाटेचा माथा ताशी सुमारे 56 किलोमीटरने पळतो. तिची ऊर्जा मात्र त्याच्या निम्म्याच वेगाने सरकते. लाटांचा घोळका बघा: मागे नवी लाट उगवते, घोळक्यातून पुढे जाते आणि पुढच्या टोकाला विरून जाते.

खरी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे, तो म्हणजे उसनवारी. लाटा आपापसांत ऊर्जा देतात-घेतात, तेही चार-चारच्या गटांत. हे गणित जर्मन शास्त्रज्ञ क्लाउस हासेलमान यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला मांडलं. या देवघेवीत बरीच ऊर्जा लांब लाटांकडे जाते, म्हणून वारा वाहत राहिला की लाटा नुसत्या उंच नाही, लांबही होत जातात. हा रकाना इतका किचकट की रोजच्या अंदाजासाठी 1985 मध्ये त्याचं सुटसुटीत रूप काढावं लागलं. हासेलमानना 2021 मध्ये नोबेल मिळालं, ते मात्र हवामानाच्या मॉडेलसाठी!

हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारं सरकारी केंद्र, मच्छीमारांना लाटांचा अंदाज देतं, तो अशाच हिशेबातून. त्यात ‘3 मीटर’ दिसलं तर ती सर्वांत उंच लाट समजू नका. सगळ्या लाटांतल्या उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी. होडीखाली एखादी जवळजवळ सहा मीटरचीही येऊ शकते. 1 जानेवारी 1995 ला उत्तर समुद्रात उभ्या असलेल्या द्राउप्नर या नैसर्गिक वायूच्या फलाटावर हा आकडा साधारण 12 मीटर होता, आणि एक लाट आली 25.6 मीटरची.