मोतीबिंदूनंतरची दृष्टी आणि एक दशांश मिलिमीटर

मोफत मोतीबिंदू शिबिरांचे फलक कोल्हापुरात नवे नाहीत. बिंदू चौकापासून राजारामपुरीपर्यंत कुठे ना कुठे ते दिसतात, आणि त्यांतील काहींवर ‘चष्म्यापासून कायमची सुटका’ असे आश्वासनही ठळक अक्षरांत असते. त्याच वेळी घरोघरी वडीलधाऱ्यांना दिला जाणारा सल्ला नेमका उलट्या दिशेचा असतो: ‘घाई करू नका, मोतीबिंदू चांगला पिकू द्या.’ शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला किती चांगले दिसेल, हा प्रश्न या दोन्ही समजुतींच्या मुळाशी आहे आणि दोन्हींत त्याचे उत्तर चुकीचे दिलेले आहे. रुग्णाला वाटते की सारे सर्जनच्या हातावर अवलंबून असते. हात महत्त्वाचा आहेच. पण निकालाचा मोठा भाग शस्त्रक्रियेच्या टेबलावर जाण्याआधी, डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी मोजताना ठरलेला असतो.

शाळेत शिकल्याप्रमाणे डोळ्यात प्रकाश वळवणारे दोन घटक असतात. बाहेरचे पारपटल, म्हणजे बुबुळापुढचे पारदर्शक आवरण, सुमारे 43 डायॉप्टरचे, तर आतले नैसर्गिक भिंग सुमारे 20 डायॉप्टरचे काम करते. (डायॉप्टर हे प्रकाश वळवण्याच्या शक्तीचे माप; चष्म्याचा नंबरही त्यातच सांगतात.) या भिंगातील प्रथिनांची रचना बिघडून ते गढूळ होणे म्हणजे मोतीबिंदू. शस्त्रक्रियेत गढूळ भिंग काढून त्याच्याच पातळ पिशवीत कृत्रिम भिंग बसवतात. प्रश्न असा, की ते कृत्रिम भिंग किती डायॉप्टरचे असावे?

हा प्रश्न किती गंभीर आहे हे पहिल्याच प्रयोगात दिसले. 29 नोव्हेंबर 1949 रोजी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरोल्ड रिडली यांनी मानवी डोळ्यात प्रथमच कृत्रिम भिंग बसवले. युद्धातील वैमानिकांच्या डोळ्यांत घुसलेले विमानाच्या छताचे प्लॅस्टिकचे तुकडे तिथे फारसा त्रास न देता राहतात, हे त्यांनी पाहिले होते. भिंगाचा आकार त्यांनी नैसर्गिक भिंगावरून घेतला. परंतु प्लॅस्टिक प्रकाशाला नैसर्गिक भिंगापेक्षा बरेच अधिक वळवते. परिणामी रुग्णाला सुमारे उणे 18 चा नंबर आला, म्हणजे चष्म्याविना डोळ्यापासून जेमतेम साडेपाच सेंटिमीटरपलीकडचे सारे धूसर. शस्त्रक्रिया जमली होती, गणित चुकले होते.

पुढे हे गणित सुधारत गेले. 1980 च्या सुमारास सँडर्स, रेट्झलाफ आणि क्राफ यांनी दिलेले सूत्र आजही विद्यार्थी पाठ करतात: भिंगाची शक्ती = अ − 2.5 × लांबी − 0.9 × पारपटलाची शक्ती. यातील ‘अ’ हा त्या विशिष्ट भिंगाचा स्थिरांक. तो 118.4, डोळ्याची लांबी 23.5 मिलिमीटर आणि पारपटल 44 डायॉप्टर धरले, तर उत्तर सुमारे 20 डायॉप्टर येते. फार आखूड किंवा फार लांब डोळ्यांत हे सूत्र फसते, म्हणून आता त्याची जागा नव्या सूत्रांनी घेतली आहे. मात्र लांबीचा वरचष्मा त्यांतही कायम आहे. लांबी मोजण्यात एक मिलिमीटरची चूक झाली, तर रुग्णाच्या चष्म्याच्या नंबरात अडीच ते पावणेतीन डायॉप्टरचा फरक पडतो. एक दशांश मिलिमीटरची चूकही पाव डायॉप्टर इकडे तिकडे करते.

मग जिवंत माणसाच्या डोळ्याची लांबी इतक्या अचूकपणे मोजायची कशी? जुनी आणि अजूनही सर्रास वापरली जाणारी पद्धत ध्वनीची आहे. तिला ‘ए-स्कॅन’ म्हणतात. विहिरीत हाक मारून प्रतिध्वनीवरून खोली ताडावी, तसे श्राव्यातीत ध्वनीचे स्पंद डोळ्यात सोडून डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून परत येण्यास लागलेला वेळ मोजतात. ध्वनी डोळ्यातील द्रवांतून सेकंदाला सुमारे 1532 मीटर आणि मोतीबिंदू झालेल्या भिंगातून सुमारे 1641 मीटर वेगाने जातो. सरासरी 1550 धरली, तर 23.5 मिलिमीटरच्या डोळ्यातून जाऊन येण्यास सेकंदाचा सुमारे तीस दशलक्षांश भाग लागतो. यंत्र हा वेळ उत्तम मोजते. अडचण निराळीच आहे: मोजणीची कांडी पारपटलाला टेकवावी लागते आणि हाताचा दाब किंचित जरी अधिक झाला, तरी डोळा एक ते तीन दशांश मिलिमीटरने दबतो. डोळा आखूड भासतो, सूत्र जास्त शक्तीचे भिंग सुचवते, आणि शस्त्रक्रिया निर्दोष होऊनही रुग्णाला दूरचे अंधूक दिसू लागते. डोळा आणि कांडी यांच्यामध्ये पाण्याचा थर ठेवून मोजले तर हा दोष टळतो. पण त्याला वेळ लागतो, आणि गर्दीच्या शिबिरात वेळेचीच टंचाई असते.

1999 मध्ये बाजारात आलेल्या यंत्राने ध्वनीऐवजी प्रकाश वापरला, आणि या क्लृप्तीचे मला विलक्षण कौतुक वाटते. प्रकाशाला डोळ्यातून जाऊन येण्यास सेकंदाच्या एक अब्जांश भागाचाही पाचवा हिस्सा लागतो. इतका वेळ हव्या त्या बारकाईने थेट मोजू शकेल असे सोयीचे घड्याळ नाही. म्हणून वेळ मोजण्याचा नादच सोडण्यात आला. अवरक्त प्रकाशाचे दोन झोत केले जातात आणि सरकत्या आरशाच्या साहाय्याने त्यांच्या मार्गांच्या लांबीत हवा तसा फरक पाडला जातो. हा प्रकाश मुद्दाम असा निवडलेला असतो, की त्याच्या लाटांची परस्परसंगती मिलिमीटरच्या एका लहानशा अंशापुरतीच टिकते. त्यामुळे पारपटलावरून आणि पडद्यावरून परतलेल्या लाटांच्या मार्गांतील फरक आरशाने पाडलेल्या फरकाशी जवळजवळ तंतोतंत जुळला, तरच त्यांचे व्यतिकरण होऊन, म्हणजे त्या एकमेकींत मिसळून, संकेत मिळतो. आरसा किती सरकला हे वाचायचे, डोळ्यातील माध्यमांच्या अपवर्तनांकाने, म्हणजे प्रकाश त्यांतून जाताना जितक्या पट मंदावतो त्या आकड्याने, भागायचे, की लांबी हाती येते. डोळ्याला काहीही न टेकवता केलेल्या या मोजणीतील अनिश्चितता मिलिमीटरच्या दोन-तीन शतांशांपर्यंत खाली येते.

‘पिकू द्या’ हा सल्ला इथेच महागात पडतो. प्रकाशाने मोजायचे तर प्रकाश पडद्यापर्यंत पोहोचला पाहिजे. पूर्ण पिकलेल्या पांढऱ्या किंवा तपकिरी मोतीबिंदूतून तो पोहोचत नाही, आणि मग पुन्हा कांडीच हाती घ्यावी लागते. शिवाय कठीण झालेले भिंग फोडण्यास अधिक ऊर्जा लागते आणि पारपटलाच्या आतील पेशींना त्याची झळ बसते. हा सल्ला एके काळी शहाणपणाचा होता, हे मान्य करावे लागेल. भिंग पिशवीसकट काढून दहा नंबरचा जाड चष्मा देत, त्या काळात थोडेफार दिसत असताना शस्त्रक्रिया टाळणेच बरे होते. ते दिवस गेले, सल्ला मात्र राहिला. मध, कांद्याचा रस किंवा जाहिरातीतले थेंब घालून मोतीबिंदू ‘विरघळवण्याचा’ उद्योग तर कधीच शहाणपणाचा नव्हता. माणसाचा मोतीबिंदू घालवणारे कोणतेही थेंब आजवर सिद्ध झालेले नाहीत.

आता चष्म्याच्या सुटकेबद्दल. साध्या कृत्रिम भिंगाला एकच अंतर स्पष्ट दाखवता येते, आणि ते कोणते हे आधी ठरवावे लागते. गगनबावड्याच्या घाटातून गाडी चालवणाऱ्याला दूरचे हवे. गुजरीत कोल्हापुरी साज घडवणाऱ्या कारागिराला हातातला मणी दिसणे अधिक मोलाचे, आणि त्याच्यासाठी मुद्दाम उणे दोन-अडीचचा नंबर राखून दूरसाठी चष्मा देणे हा रास्त पर्याय ठरतो. हे बोलणे आधी झाले नाही, तर तक्रारी उद्भवतात. मोतीबिंदू वाढताना भिंगाचा गाभा घट्ट होऊन कित्येकांना उणे नंबर येतो आणि ते चष्म्याविना वर्तमानपत्र वाचू लागतात. शस्त्रक्रियेनंतर दूरचे लख्ख दिसले, तरी वाचायला चष्मा लागला की त्यांना फसवणूक झाल्यासारखे वाटते. अनेक अंतरांसाठीची महागडी भिंगे प्रकाश वाटून घेतात, म्हणून रंगछटांतील फरक थोडा पुसट होतो आणि रात्री दिव्यांभोवती वलये दिसू शकतात. विक्रेत्यांच्या पत्रकात हे बारीक टाइपात असते.

अर्थात पडदाच मधुमेहाने खराब झाला असेल किंवा काचबिंदूने मज्जातंतू क्षीण झाला असेल, तर अचूक भिंगही फार काही करू शकत नाही. काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसू लागले, तर बहुधा भिंगामागची पिशवी गढूळ झालेली असते. ती लेझरने काही मिनिटांत मोकळी करता येते. मोतीबिंदू ‘परत आला’ ही समजूत चुकीची आहे.

सर्वोत्तम मोजणीनंतरही एक अनिश्चितता उरते. पिशवी आक्रसत जाऊन भिंग नेमके किती खोलवर स्थिरावेल, याचा आधी केवळ अंदाजच करता येतो, आणि अर्धा मिलिमीटर पुढेमागे झाले तरी नंबर अर्ध्या डायॉप्टरहून अधिक बदलतो. हा अंदाज सुधारण्याचा उत्तम पुरावा रुग्णाचा पहिला डोळाच असतो. त्याच्या नंबरात अपेक्षेपेक्षा जितका फरक पडला, त्याच्या साधारण निम्मी दुरुस्ती दुसऱ्या डोळ्याच्या गणितात केली जाते. त्यासाठी पहिल्या डोळ्याच्या मोजणीचा कागद आणि भिंगाच्या डबीवरचा स्टिकर हाती असावा लागतो, आणि महिना-दीड महिन्याने नंबर तपासून घेतलेला असावा लागतो. शिबिरात शस्त्रक्रिया झालेले कित्येक जण ‘दिसतंय की’ म्हणून या तपासणीला जातच नाहीत. त्यामुळे पाऊण नंबरच्या चष्म्याने जे स्पष्ट झाले असते, ते अंधूकच राहते आणि दुसऱ्या डोळ्याचे गणित पुन्हा पहिल्यापासून मांडावे लागते.